जुन्या गाडीची गाळणी

रविवारी सकाळी अनोळखी तरुण पिशवी घेऊन दारात उभा राहिला, की मी मनाची तयारी करतो. पिशवीत कवितांची वही असते आणि मला तीन तास कुठे जाता येत नाही. मागच्या महिन्यात मुलुंडहून आलेल्या मुलाने मात्र पिशवी टीपॉयवर उपडी केली तेव्हा तिच्यातून गाडीचे तीन ऑईल फिल्टर निघाले. बायकोने धावत येऊन खाली जुनं वर्तमानपत्र घातलं.

"काका, यातला कोणता लावू?" त्याने विचारलं.

श्रोतेहो, मी कवी आहे, मेकॅनिक नाही. पण माझ्या अब्बांचं अंधेरी-कुर्ला रस्त्यावर, चकाल्याच्या अलीकडे, पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज होतं. बी.ए. होईपर्यंतच्या माझ्या सगळ्या सुट्ट्या तिथे गेल्या. कॉलेजात मर्ढेकर शिकत असताना माझ्या नखांत काळं ग्रीस असायचं आणि पुस्तकाच्या पानांवर अंगठे उमटायचे. अब्बांचं काम मुख्यतः फियाट आणि अँबेसिडरचं. पण दोन-तीन जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारही त्यांच्याकडे येत, कारण दुसरं कुणी त्यांना हात लावायला तयार नसे. ते कुठून तरी या मुलाच्या कानावर गेलं होतं.

गाडी त्याच्या आजोबांची. एमजीए, १९५७ सालची. एमजी म्हणजे मूळची ऑक्सफर्डची मॉरिस गॅरेजेस. एमजीए हे मॉडेल इंग्लंडात अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९५५ ते १९६२ या काळात बनलं. एक लाखाहून थोड्या जास्त गाड्या निघाल्या आणि त्यातल्या बहुतेक परदेशी गेल्या. दोन माणसांची, बुटकी, लांब नाकाची, छप्पर असून नसल्यासारखं. आजोबा गेल्यापासून वीस-बावीस वर्षं ती सोसायटीच्या आवारात ताडपत्रीखाली उभी होती. नातवाने कर्ज काढून इंजिनाचं काम करून घेतलं. आता इंजिन बंद झालं होतं, तेल भरायचं होतं, आणि मेस्त्री म्हणत होता, "फिल्टर कुठलाही लाव. आटे बसले की झालं."

या शेवटच्या वाक्याने मी खुर्चीत सरळ बसलो. ते का, ते पुढे सांगतो.

आधी हा फिल्टर करतो काय ते पाहू. इंजिनाच्या तळाला पत्र्याचं भांडं असतं, आपले मेकॅनिक त्याला चेंबर म्हणतात. एमजीएच्या चेंबरमध्ये साडेचार लिटरच्या आसपास तेल राहतं. पंप ते ओढतो आणि दाबाने वर पाठवतो. तिथून ते क्रँकच्या बेअरिंगांत, कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांत, कॅमकडे आणि वरच्या रॉकरकडे जातं आणि पुन्हा खाली गळतं. बेअरिंग आणि क्रँक यांच्यातली फट एक-दोन हजारांश इंचाची, म्हणजे माणसाच्या केसाहून कमी. त्या फटीत तेलाचा पापुद्रा असतो आणि फिरणारा क्रँक त्या पापुद्र्यावर तरंगत असतो. लोखंड लोखंडाला लागत नाही म्हणून इंजिन जगतं. तेलातून धातूचा एखादा कण, कार्बनचा खडा किंवा बोअर करताना राहिलेला चुरा त्या फटीत शिरला, तर मऊ बेअरिंगवर ओरखडा उठतो. एक ओरखडा काही करत नाही. हजार ओरखडे करतात. पंप आणि बेअरिंग यांच्या मध्ये बसून हे कण अडवणं एवढंच फिल्टरचं काम.

सुरुवातीच्या मोटारींना फिल्टर नव्हतेच. अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्घ यांनी १९२३ मध्ये मोटारीच्या तेलाच्या फिल्टरचं पेटंट घेतलं आणि त्याला नाव दिलं प्युरोलेटर. 'प्युअर', 'ऑईल' आणि 'लेटर' या तीन शब्दांची ती मोडतोड. शब्दांशी असा खेळ मला जमला असता तर मीही पेटंट घेतलं असतं. पण त्या काळचे बरेच फिल्टर सगळं तेल गाळत नसत. पंपातून निघालेल्या तेलातला थोडासा भाग बाजूच्या नळीने फिल्टरमध्ये जाई आणि चेंबरमध्ये परत येई. बाकीचं तेल न गाळता थेट बेअरिंगकडे. सगळं तेल गाळूनच पुढे पाठवणारे फिल्टर नंतर रूढ झाले. एमजीएचा फिल्टर हा दुसऱ्या प्रकारचा. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण दोन्ही प्रकारचे डबे दिसायला सारखे असू शकतात. बाजूच्या नळीसाठी बनवलेला फिल्टर मुद्दाम दाट आणि अरुंद वाटेचा असतो. तो मुख्य वाटेवर बसवला तर इंजिनाचा गळा आवळल्यासारखं होईल. माप जुळलं म्हणजे काम जुळलं असं नाही.

त्या मुलाच्या पिशवीतला पहिला फिल्टर त्याने अंधेरीच्या एका दुकानातून आणला होता. दुकानदाराला "एमजीचा फिल्टर द्या" म्हणाला, आणि दुकानदाराने प्रामाणिकपणे एमजीचा दिला: हेक्टरचा. हेक्टर ही गाडी गुजरातेत हालोलला बनते आणि २०१९ पासून आपल्याकडे विकली जाते. एमजी हे नाव आता चिनी कंपनीच्या हाती आहे आणि या नावाशिवाय त्या दोन गाड्यांचं काही नातं नाही. तो फिल्टर मी बाजूला ठेवला. दुकानात जुन्या गाडीचं नाव सांगू नये, हा अब्बांचा नियम होता. ते वस्तू खिशात घालून नेत आणि काउंटरवर ठेवत.

अब्बांच्या काळात इंग्लंडहून पार्ट मागवणं म्हणजे परवाना, परकीय चलन, कुणाचा तरी भाऊ जहाजावर असणं. मग एमजीए चालायची कशी? उत्तर रस्त्यावरच धावत होतं. एमजीएचं इंजिन खास स्पोर्ट्‌स कारसाठी बनवलेलं नव्हतं. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं १४८९ सीसीचं 'बी सिरीज' इंजिन त्यांनी थोडं ताजंतवानं करून, दोन कार्बोरेटर लावून तिच्यात बसवलं होतं. आणि तेच १४८९ सीसीचं इंजिन, एका कार्बोरेटरचं आणि शांत स्वभावाचं, कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला बनणाऱ्या आपल्या अँबेसिडरमध्ये होतं. ज्या इंजिनावर इंग्लंडातली तरुण मंडळी उघड्या गाडीतून समुद्रकिनाऱ्याला जात, त्याच इंजिनावर आपले कलेक्टर दौऱ्यावर जात. पुढे १९५९ मध्ये एमजीएचं इंजिन १५८८ सीसीचं झालं आणि १९६१ मध्ये १६२२चं, पण घराणं तेच.

त्यामुळे अब्बा एमजीएला अँबेसिडरचं फिल्टर एलिमेंट लावत, मात्र मोजून. उंची, बाहेरचा व्यास, मधल्या भोकाचा व्यास. काही एलिमेंट तंतोतंत बसायची. काही दोन सूत बुटकी निघायची, ती परत जायची. बुटकं एलिमेंट डब्यात सैल राहतं आणि तेल त्याच्या टोकावरून न गाळता निघून जातं. आज हा मार्ग धरणाऱ्याने आणखी एक गोष्ट विचारावी: अँबेसिडर कोणत्या इंजिनाची? नव्वदच्या दशकात तिच्यात इसुझूचं पेट्रोल इंजिन आलं, त्याचा फिल्टर वेगळा. २०१४ मध्ये अँबेसिडरचं उत्पादनच थांबलं, तरी कुर्ल्याला सी.एस.टी. रोडच्या दुकानांत धूळ खात पडलेली जुनी खोकी अजून निघतात. मुलाच्या पिशवीतला दुसरा फिल्टर तसाच होता. पिवळ्या पडलेल्या खोक्यातलं कागदी एलिमेंट. मी ते उजेडाकडे धरलं. घड्या सरळ आणि सारख्या अंतरावर होत्या, पण टोकाचा गोंद वाळून पापुद्रे सुटले होते. माप बरोबर, वय चुकीचं. फिल्टरचा कागद आणि गोंद तीस वर्षं टिकत नाहीत. तोही बाजूला गेला.

आता मी खुर्चीत सरळ का बसलो ते.

एमजीएचा फिल्टर म्हणजे आजच्यासारखा एकसंध डबा नव्हे. इंजिनाच्या उजव्या बाजूला लोखंडाचा पत्र्याचा गडू लटकतो, मधून एक लांब बोल्ट जातो आणि तो गडूला वरच्या बैठकीशी आवळतो. गडूत एलिमेंट. एलिमेंटखाली स्प्रिंग, त्यावर पत्र्याची चकती, आणि त्या चकतीवर, एलिमेंटला टेकून, नमद्याची एक लहान चकती, रुपयाच्या नाण्याएवढी. तेल एलिमेंटच्या बाहेरून आत शिरतं आणि गाळलेलं तेल मधल्या पोकळीतून वर जातं. बोल्टभोवतीच्या भोकातून मळकं तेल मधल्या पोकळीत शिरू नये म्हणून ती नमद्याची चकती. तिचं तेवढंच काम.

१९८५ च्या मे महिन्यात मी पंधरा वर्षांचा होतो. अब्बांचे एक पारशी ग्राहक होते, अंधेरीचेच. त्यांच्या एमजीएचं इंजिन नुकतंच बोअर करून बसवलं होतं आणि पाचशे मैल झाल्यावर तेल-फिल्टर बदलायला गाडी आली होती. नव्या इंजिनात पहिल्या काही शे मैलांतच धातूचा चुरा सर्वांत जास्त सुटतो, म्हणून हा बदल लवकर करायचा असतो. अब्बांनी गडू उतरवला, माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "रॉकेलने धू. आत जे निघेल ते ओळीने मांडून ठेव." मी धुतलं. स्प्रिंग मांडली, पत्रा मांडला. तळाशी काळ्या गाळात एक चिंधीसारखं काहीतरी चिकटलं होतं. मी ते बोटाने खरवडलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. अब्बांना कुणीतरी हाक मारली होती, नवं एलिमेंट मीच घातलं, बोल्ट त्यांनी येऊन आवळला. गाडी गेली.

पुढच्या वर्षी पावसाळ्याआधी ती टो करून परत आली. रॉड वाजत होता. ज्याने तो आवाज एकदा ऐकला तो विसरत नाही. बंद दारावर कुणी बोटाच्या पेराने ठोकत राहावं तसा. अब्बांनी चेंबर उतरवलं. बेअरिंगची पाळी आरशासारखी असायला हवी, तिच्यावर नांगरटीसारख्या रेघा होत्या आणि खालचं तांबं दिसत होतं. क्रँकही ओढला गेला होता. मग त्यांनी फिल्टरचा गडू सोडला, एकेक वस्तू बाकावर ओळीने मांडली, आणि बराच वेळ त्या ओळीकडे पाहत उभे राहिले. मला काही विचारलं नाही. मीही काही सांगितलं नाही. क्रँक घासायला गेला, बेअरिंग नवीन आली, आणि पारशी गृहस्थांना अब्बा म्हणाले, "सेठ, गलती आमच्या गॅरेजची आहे, पैसे घेणार नाही." तो खर्च त्या वर्षी आम्हाला झेपणारा नव्हता. धाकट्या बहिणीची शाळेची फी दोन महिने थकली.

सगळं त्या चकतीमुळेच झालं असं आज मी म्हणणार नाही. बोअरनंतर इंजिन नीट धुतलं गेलं नसेल, सेठ गाडी थंड असताना पळवत असतील. पण बाकावरच्या ओळीत एक जागा रिकामी होती आणि ती मी केली होती. अब्बा २००३ मध्ये गेले. हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही. त्यांना ते माहीत होतं, हेही मला माहीत होतं.

म्हणून "आटे बसले की झालं" हे मला ऐकवत नाही. आणि आट्यांचंही तसंच आहे. त्या मुलाने आणलेला तिसरा फिल्टर इंग्लंडहून आलेल्या जोडणीसाठी होता. जुना गडू काढून त्या जागी एक अ‍ॅल्युमिनियमची बैठक बसवायची आणि तिच्यावर आजच्यासारखा हाताने फिरवून लावायचा डबा चढवायचा, अशी सोय मिळते. सोय चांगली आहे. गडू धुणं नाही, चकत्या हरवणं नाही, हात तेलात बुडत नाहीत. मूळपणाचा आग्रह धरणारे नाक मुरडतात. २०२१ मध्ये आपल्या सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले, त्यांत गाडी मूळ स्वरूपात असावी असं आहे. पण तो रोख चासी, बॉडी आणि इंजिनातल्या मोठ्या बदलांवर आहे. फिल्टरची बैठक तासाभरात काढून जुनी परत लावता येते. जुना गडू फेकू नये, एवढंच.

मात्र या जोडणीवरचा आटा बहुधा पाऊण इंचाचा, इंचाला सोळा फेऱ्यांचा असतो, आणि आपल्या बाजारातल्या अनेक गाड्यांचे डबे २० मिलिमीटर व्यासाचे, दीड मिलिमीटर अंतराच्या आट्यांचे. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. २० चा डबा १९ च्या नळीवर चढतो. हाताला किंचित ढिला लागतो, पण चढतो, आणि रबर टेकलं की घट्टही वाटतो. मग रस्त्यावर ५०-६० पौंडांचा दाब आला की कधीतरी आटे सुटतात आणि साडेचार लिटर तेल मिनिटभरात रस्त्यावर. घाटकोपरच्या पुलावर हे झालं तर मागच्या स्कूटरवाल्याचं काय होईल ते सांगायला नको. डबा हाताने फिरवताना तो सुरुवातीपासून डुगडुगता कामा नये. डुगडुगला तर परत करा, दुकानदार काहीही म्हणो.

आट्यांच्या बाबतीत ब्रिटिश लोकांवर विश्वास ठेवू नये, असं अब्बा म्हणत. त्याला कारण होतं. एमजीएच्या आधीच्या टीसी या गाडीच्या इंजिनाचे आटे फ्रेंच, मेट्रिक मापाचे आहेत, पण बोल्टची डोकी इंग्रजी पान्याच्या मापाची. मॉरिसने १९२३ मध्ये कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिन कारखाना घेतला, त्याची यंत्रं मेट्रिक आटे पाडत. यंत्रं बदलण्यापेक्षा डोकी बदलणं स्वस्त पडलं.

डब्याच्या आत दोन व्हॉल्व्ह असतात, ते बाहेरून नीट दिसत नाहीत. एक, फिल्टर तुंबला किंवा तेल थंडीने घट्ट झालं तर उघडून न गाळलेलं तेल पुढे सोडणारा. मळकं तेल वाईट, पण तेलच नसणं त्याहून वाईट, हा त्यामागचा विचार. एमजीएच्या मूळ बैठकीत तो असतो. नवी जोडणी लावल्यावर तो राहतो की नाही हे पाहावं, आणि राहत नसेल तर तो असलेलाच डबा घ्यावा. दुसरा व्हॉल्व्ह म्हणजे रबराचा पडदा. इंजिन बंद झाल्यावर डब्यातलं तेल मागे गळून जाऊ नये म्हणून. गडू खाली लटकत असेल तर तेल आपोआप त्यात राहतं, पडद्याची फारशी गरज नाही. पण एमजीएनंतर आलेल्या एमजीबीच्या मधल्या काही वर्षांच्या इंजिनांवर फिल्टर उलटा, तोंड खाली करून बसवलेला असतो. तिथे पडदा नसलेला किंवा कडक झालेला डबा लावला तर रात्रभरात तो रिकामा होतो, आणि सकाळी चावी फिरवल्यावर दाबाचा काटा जागचा हलत नाही. तो डबा पुन्हा भरेपर्यंतचे पाच-सात सेकंद बेअरिंग कोरडी फिरतात. रोज सकाळी. एमजीबीवाल्यांनी फिल्टर निवडताना किमतीआधी तो पडदा पाहावा; भोकांतून बोट लावून तो मऊ लागतो का ते कळतं.

नकली मालाबद्दल फार बोलत नाही, सगळ्यांना माहीत आहे. खोक्यावरची छपाई पाहण्यापेक्षा कागदाच्या घड्या पाहा. कमी घड्या म्हणजे कमी कागद.

तेलही २०-डब्ल्यू-५० जातीचं, जुन्या इंजिनाला मानवणारं असावं. आणि "गाडी वर्षात दोनशे किलोमीटरसुद्धा चालली नाही, मग फिल्टर कशाला बदलू?" असं म्हणू नये. मुंबईच्या जुलैत उभ्या इंजिनात हवेतली ओल उतरते, तेलात मिसळते, आंबते. कमी चालणाऱ्या गाडीचं तेल आणि फिल्टर वर्षातून एकदा बदलावं, दिवाळीच्या सुमारास, पाऊस पूर्ण गेल्यावर.

त्या मुलाला मी सांगितलं, जोडणी ठेव, पण पहिल्यांदा इंजिन सुरू करताना आजोबांचा जुना गडूच लाव. नवं एलिमेंट इंग्लंडहून मागव, आठ-दहा दिवसांत येतं. पाचशे मैलांनी गडू उघडून त्यात किती चुरा जमला ते डोळ्यांनी पाहता येईल. बंद डबा कापल्याशिवाय काही सांगत नाही. आणि नमद्याची चकती? ती त्याच्याकडे नव्हती. मेस्त्रीने गडू "एकदम साफ" करून दिला होता.

दोन आठवड्यांनी एलिमेंट आलं, सोबत चकतीही. मी मुलुंडला गेलो. मुलाच्या आईने चहा आणि ठेपले दिले. मी मेस्त्रीला सगळ्या वस्तू जमिनीवर ओळीने मांडायला लावल्या आणि दोनदा मोजल्या. तो माझ्याकडे वैतागून पाहत होता. वीस वर्षं कोरडा पडलेला पंप तेल ओढत नाही, म्हणून आधी पंपाच्या वाटेत तेल ओतलं. प्लग काढून ठेवले, म्हणजे इंजिन जोर न लागता फिरेल. मग मुलाने स्टार्टर ओढला आणि आम्ही तिघे डॅशबोर्डवरच्या काट्याकडे पाहत राहिलो. दहा सेकंद थांबणं, दहा सेकंद फिरवणं. तिसऱ्या खेपेला काटा थरथरला आणि वर चढला. मुलगा ओरडला. आणि खाली वाकलेला मेस्त्री म्हणाला, "गळतंय."

गडूच्या काठाभोवती तेलाची माळ धरली होती. बोल्ट आणखी आवळायला त्याने पाना लावला, मी त्याचा हात धरला. गडू उतरवला. बैठकीच्या खाचेत नवी रबराची रिंग होती. तिच्या मागे, लोखंडासारखी कडक आणि काळी झालेली, जुनी रिंग. ती लोखंडाचाच भाग वाटते, म्हणून नेहमी राहून जाते. मुलाच्या आईने शिवणाच्या डब्यातून दाभण आणून दिला. मेस्त्री गाडीखाली उताणा झोपला आणि अर्धा तास जुनी रिंग तुकड्यातुकड्याने उकरून काढत राहिला. मी शेजारी उकिडवा बसून ते तुकडे कागदावर गोळा केले आणि गोल जुळवून पाहिला. एक तुकडा कमी होता. तो मिळेपर्यंत आम्ही नवी रिंग बसवली नाही.